बठ्ठा ग्रुप

गनी पिंजारी हा बँकेचा ग्राहक नाही, असा निकाल लागला. पण आपण तो लागायच्या आधीपासून सुरू करू. तेव्हा गनी अजून ग्राहक आयोगासमोर उभा होता, अंगात इस्त्रीचा सदरा होता आणि सदऱ्याला कापूस चिकटलेला होता.

बँकेचे वकील प्रेमराज यांनी आधी त्या कापसाकडे संशयानं पाहिलं. मग एक फोटो अध्यक्षा मॅडमच्या टेबलावर ठेवला. नरडाण्याला औद्योगिक वसाहतीसमोर पत्र्याची एक खोली. खोलीपेक्षा लांब पाटी: 'गनी गादी भांडार ग्रुप ऑफ इंडस्ट्रीज'.

"चालू खातंही याच नावानं आहे," वकील म्हणाले. "बँकेनं एवढंच सांगितलं, ग्रुपमधल्या बाकीच्यांची कागदपत्रं आणा. हे आणत नाहीत, म्हणून खातं गोठवलंय. बाकीचे कोण आहेत, ते का लपवताय?"

"बठ्ठा ग्रुप मीच शे, साहेब. सगळाच्या सगळा मीच."

"सगळे असंच म्हणतात."

"मग 'ग्रुप' कशाला लिहिलं?" मॅडमनी विचारलं.

"फळी लांब होती, मॅडम. झुलाल पेंटर बोलला, अर्धी कोरी दिसंल, त्याच पैशात भरून देतो."

वकिलांनी 'त्याच पैशात' हे शब्द टिपून घेतले. भाव पाडून घेणारा माणूस उद्योगपतीच असतो, असं त्यांचं मत दिसलं.

खातं गोठलं म्हणून विजेचं बिल कापलं गेलं नाही. बिल कापलं गेलं नाही म्हणून वीज कापली गेली. पिंजायचं मशीन गप्प होतं, लग्नसराई तोंडावर आली होती, आणि नवरीबरोबर द्यायच्या गाद्या लोक दोंडाईच्याहून आणायला लागले होते.

मॅडमनी कायदा सोपा करून सांगितला. धंद्यासाठी बँक वापरणारा माणूस ग्राहक नव्हे. पण स्वतःच्या हातानं, पोटापुरता धंदा करत असेल, तर ग्राहक.

गनीनं लगेच दोन्ही हात पुढे केले. वकिलांनी ते लांबूनच नीट पाहिले.

"या हातांनी पिंजता, ठीक. शिलाई कोण करतं?"

"हमीदा. बायको. ती काय, मागं बसली."

वकिलांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ग्रुपचा दुसरा माणूस सापडला होता. तिसरा कुठं दडलाय, म्हणून त्यांनी एकदा दाराकडे बघून घेतलं.

"तिला पगार किती देता?"

"मी? तीच देते मला. चहापुरता."

वकील ताडकन उठले. "मॅडम, हा तर नोकर निघाला! मालकीण वेगळीच आहे. नोकराला तक्रार करायचा अधिकारच नाही!"

मागून हमीदा म्हणाली, "मंग आज यांचा खाडा मांडू का?"

कोणी हसलं नाही. टंकलेखक तेवढा थांबला आणि 'खाडा' घ्यायचा की नाही, असं मॅडमकडे बघू लागला.

"गनीभाऊ," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "पाटीवर इंडस्ट्रीज, खात्यावर इंडस्ट्रीज. मला तुमचं पटतं, पण पटलेलं लिहिता येत नाही. तुम्हाला दिवाणी कोर्टात जावं लागेल."

"तिथं किती दिवस लागतील?"

"फार नाही," वकिलांनी प्रेमानं सांगितलं. "या सराईतल्या नवरीची पोरगी बोहल्यावर चढेल, तोवर होईल."

गनीनं मागं वळून हमीदाकडे पाहिलं. तिनं मान हलवली, पण कशाला हलवली ते त्याला कळलं नाही.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "शेवटचं काही सांगायचंय?"

इतक्या तारखांना येऊन येऊन गनीला इथली भाषा लागली होती. त्यानं हात जोडले आणि अर्ज वाचावा तसं एका दमात म्हटलं:

"तरी मेहेरबान आयोगास नम्र विनंती की, अर्जदार हा ग्राहक नसून उद्योगसमूह आहे असे ठरत असल्यास तसे बँकेस लेखी कळवावे, आणि यापुढे अर्जदार शाखेत शिरताच मॅनेजरसाहेबांनी खुर्चीवरून उठून त्यास 'या शेठ' असे म्हणावे, असा हुकूम व्हावा."