मांडलेला पाट

यशवंतराव ओवाळून घेऊन उठले, पण वनमालाकाकूंनी पाट उचलला नाही. तबक हातात तसंच धरून त्यांनी लेकाला हाक मारली.

"स्वानंद, तू बस आता. शर्मिष्ठा ओवाळते तुले."

शर्मिष्ठा स्वयंपाकघराच्या दारात वाट्या पुसत उभी होती. हातातली वाटी केव्हाच कोरडी झाली होती, तरी ती पुसतच राहिली.

काकूंनी मग सगळ्यांना समजावून सांगितलं. शर्मिष्ठाला भाऊ नाही, बिचारी दर भाऊबीजेला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते. इकडे स्वानंदला बहीण नाही. एकाच घरात वर चंद्र आणि खाली रिकामा पाट, हे काही बरं दिसत नाही. काकूंचे भाऊ यशवंतराव सकाळीच भिलाईहून आले होते. त्यांना बहिणीची ही कल्पना फार आवडली. सुपारी चघळत त्यांनी हव हव म्हणत मान डोलावली.

शर्मिष्ठा वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली तेव्हापासून स्वानंद चारचौघांत तिला दीदी म्हणत आला. ती पंचेचाळीसची, तो एकतीसचा. दुसरं काय म्हणणार? पण नव्या रायपुरात तिचं ऑफिस सुटलं की तो मोटारसायकल घेऊन यायचा, आणि तिथल्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर ती मागे बसली की तिला शर्मी म्हणायचा. घराचा मोहल्ला, तात्यापारा, आला की पुन्हा दीदी. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं दोघांचं चाललं होतं. आज मात्र ते संपायचं होतं. जेवणं झाली की आईला सांगून टाकतो, मामाही असतील, काय व्हायचं ते एकदाच होईल, असं त्यानेच काल कबूल केलं होतं. म्हणून तर तिने जांभळी साडी नेसली होती आणि कितीतरी दिवसांनी आरशासमोर जरा जास्त वेळ घालवला होता.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने आत्ताच बोलावं, नाहीतर निदान उठून बाहेर तरी जावं, एवढंच तिला वाटत होतं.

स्वानंदने मोबाइल खाली ठेवला. "मम्मी, रहने दो ना," तो म्हणाला. "दीदी को अजीब लगेगा."

"तिले काहून अजीब वाटंन?" काकूंचा आवाज मऊ होता. "तुले काही अडचण असंन तर सांग. मामा बसले आहे, आत्ताच सांग."

काकू हसत होत्या, पण लेकावरची नजर त्यांनी हलवली नाही. तेव्हा शर्मिष्ठाला कळलं की काकूंना सगळं ठाऊक आहे. कधीपासून, कोण जाणे. वर जायचा जिना शेवटी त्यांच्याच खोलीवरून जात होता.

आत कुकरची शिटी झाली. बाहेर पाऱ्यातली पोरं दिवाळीचे उरलेसुरले फटाके फोडत होती. स्वानंदने खिशातून रुमाल काढला, त्याची घडी केली, डोक्यावर ठेवली आणि पाटावर जाऊन बसला.

शर्मिष्ठाला त्या भरल्या घरात इतकं एकटं वाटलं की आपण इथे कशाला आलो, हेच तिला क्षणभर आठवेना. काकूंनी तबक तिच्या हातात दिलं. ते पडू देता आलं असतं. चक्कर आली म्हणता आलं असतं. तिने यातलं काही केलं नाही. ती पुढे आली आणि ओवाळायला लागली. कुंकू लावलं, वर अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, मग निरांजन. कुंकू लावताना त्याने डोळे मिटून घेतले. तिने उघडे ठेवले. निदान एकाने तरी बघायला हवं होतं.

ओवाळणी म्हणून घालायला त्याच्याकडे काही नव्हतं. काकूंनी त्याचाही विचार करून ठेवला होता. कपाटातून नवी साडी काढून त्यांनी त्याच्या हातात दिली, त्याने ती तबकात ठेवली.

"मोठी आहे ना तुझ्याहून, पाया पड."

तो वाकला. त्या पायांना त्याचा हात याआधीही लागला होता, पण तेव्हा खोलीत तिसरं कोणी नव्हतं. तिने एक पाय मागे घेतला. मागे भिंत होती. काय आशीर्वाद द्यायचा तेही काकूंनीच सुचवलं, म्हणून तुझं लवकर लग्न होऊ दे असं शर्मिष्ठा म्हणाली. यशवंतराव मोठ्याने हसले आणि आता काही खरं नाही भाच्याचं, असं म्हणून पानावर बसायला उठले.

ती तबक घेऊन स्वयंपाकघरात आली. काकू मागोमाग आल्या. त्यांनी गॅस बारीक केला, कढीत उगाचच डाव फिरवला. बाहेर यशवंतराव भाच्याला कंपनीतल्या पगाराचं विचारत होते आणि तो हो-नाही करत होता. काकूंनी डाव खाली ठेवला, पण वळून पाहिलं नाही.

"राग नको मानू, पोरी," त्या हलकेच म्हणाल्या. "मले एकच पोट्टा आहे."

शर्मिष्ठाने निरांजन उचलून ओट्यावर ठेवलं.

"मलाही एकच होता, काकू."