उलटे तळहात

सून बसूनच राहिली. सासू जमिनीवर, सासूचा हात पुढं केलेला, आणि ही बया किटलीपाशी मांडी घालून वाट्यांमध्ये चहा ओततेय! अशी सून कुणी पाहिलीय का? झूराकाननं तरी पाहिली नव्हती, आणि तिनं चार सुना वळणावर आणल्या होत्या.

"बेरमेत, कान कुठं गहाण टाकलेस? हात दे मला. उठव."

"तुम्हीच उठा, आपा," बेरमेत म्हणाली. मान खाली, आवाज मऊ. जणू साखर अजून हवी का, एवढंच विचारतेय.

जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती सगळ्यांचे घास तोंडातच थांबले. थोरला मुलगा तालाय नारिन शहराहून मालमोटार घेऊन आला होता. उद्या पहाटे बिऱ्हाड जायलूवर, डोंगरातल्या उन्हाळी कुरणावर, निघायचं होतं. त्यानं उंबऱ्यातच सांगून टाकलं होतं की आपा, म्हणजे त्याची आई, या वर्षी वर येणार नाही, शहरात त्याच्या घरी राहील. तिसरा मजला, नळाला गरम पाणी, मऊ पलंग. वर तंबूत जमिनीवर बसायचं, जमिनीवर निजायचं. तिला उठवणार कोण?

झूराकाननं जन्मात एकही उन्हाळा चुकवला नव्हता. हा तालायसुद्धा तिथंच, मेंढ्यांच्या कालव्यात जन्मला होता. आणि तिला पक्कं ठाऊक होतं, ज्या म्हातारीला वसंतात पलंगावर ठेवून जातात, तिला पानगळीत मातीत ठेवायलाच परत येतात.

म्हणून तर ती ताठ मानेनं म्हणाली होती, "उठवणार कोण म्हणजे? सून मेली का माझी?" आणि हात पुढं केला होता.

तो हात अजून तसाच होता.

हिवाळ्यात ती बर्फावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ते सांधलं. त्यानंतर घरच्यांनी तिला पायाचं बोटसुद्धा हलवू दिलं नाही. मुली उचलून बसवायच्या, मुलगे उचलून निजवायचे, घास भरवायचे. शेजारणी म्हणायच्या, लेकरं असावीत तर अशी. व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण यायची, जमिनीवरून उठून दाखवा म्हणायची. झूराकान तिला चहा पाजून वाटेला लावायची. नातवंडांच्या आजीनं गुडघ्यांवर रांगायचं? गेल्या खेपेला डॉक्टरिणीनं तिची वाळत चाललेली मांडी चाचपली, चहाला नको म्हणाली, आणि बेरमेतला बाहेर नेऊन काहीतरी बोलली. तेव्हापासून सून बिघडली. काठी दूर ठेवायची, पाणी दूर ठेवायचं, हाक मारली की नुसतं "आले, आपा," आणि यायचं नाव नाही.

"बघितलंस?" तालाय उठला. "चल आपा, मी उचलतो तुला."

"भावोजी, त्यांना हात लावू नका."

त्या घरात धाकट्या सुनेनं थोरल्या दिराकडं कधी डोळे वर करून पाहिलं नव्हतं. तालाय जिथं होता तिथंच मटकन बसला. त्याची बायको पुटपुटली, "हिचं डोकं फिरलंय गं बाई!"

"आधी कुशीवर व्हा, आपा," बेरमेत म्हणाली. तिनं हातातली वाटी खाली ठेवली. "मग गुडघ्यांवर."

"मला शिकवतेस? अगं, तुझ्या आईला घोड्यावर बसायला मी शिकवलंय!"

"मग चांगला पाय पुढं घ्या."

झूराकान कुशीवर वळली. सुनेचं ऐकायला नव्हे, तिच्या झिंज्या धरायला. गुडघ्यांवर आली. लेकासुनांदेखत, लोकरीच्या नमद्यावर, चार पायांवर. भिंतीशी लाकडी पेटी होती, तिच्यापर्यंत ती रांगत गेली. दोन्ही हात पेटीवर रोवले, चांगला पाय पुढं टाकला आणि अंग वर रेटलं. मांडी नुकत्या जन्मलेल्या शिंगरासारखी लटपटली. कुणीतरी "अरे, अरे" केलं. तालाय पुन्हा उठला, आणि बेरमेत आडवी झाली.

म्हातारी उभी राहिली. घाम डोळ्यांत उतरला होता. आता झिंज्या पुरणार नव्हत्या. ती पेटी सोडून सुनेकडं वळली, एक पाऊल पुढं आली आणि दोन्ही हात वर उचलले. तळहात स्वतःकडं नाहीत, उलटे.

 तळहात आपल्याकडं ठेवून थोरली माणसं आशीर्वाद देतात. उलट्या हातांनी काय देतात, ते तिथं पाळण्यातलं पोरही जाणत होतं. आणि तो शब्द एकदा तोंडातून गेला, की देणाऱ्यालाही परत घेता येत नाही.

"आपा, नको!" तालाय ओरडला. "ती पोटुशी आहे!"

बेरमेतच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. एक हात पोटावर गेला. पण ती मागं सरली नाही. ती त्या उलट्या हातांकडं बघतच नव्हती. सासूच्या पायांकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

म्हणून झूराकाननंही खाली पाहिलं.

दोन्ही पाय नमद्यावर. पेटी मागं राहिलेली. दोन्ही हात हवेत. तिला कुणीच धरलं नव्हतं.

 मग हात खाली न आणता तिनं तळवे हळूहळू स्वतःकडं वळवले.

"निलाजरी आहेस," ती सुनेला म्हणाली. "माझ्या पोटची पोरं तुझ्या निम्म्यानं निलाजरी असती ना, तर मी बर्फ वितळायच्या आधीच चालायला लागले असते."