सत्त्याऐंशी डबे

दीक्षाने पडद्याकडे बोट केलं तेव्हा यादीत एकतीस नावं होती. बाहेरून आलेले परीक्षक मुकुंद सर वाचायला वाकले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बत्तिसावं नाव उमटलं.

चाकणजवळच्या त्या शाळेत दहावीच्या संगणक आणि व्यवसाय विषयाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. प्रत्येकाने एखादा धंदा कल्पून तो संगणकावर चालवून दाखवायचा होता. दीक्षाने कल्पनेतला घेतलाच नव्हता. तिच्या गल्लीतल्या चतुराबाई जवळच्या एका कंपनीतल्या कामगारांना रात्रीच्या जेवणाचे डबे पुरवायच्या. रोजचे तीस-पस्तीस डबे, सगळा कारभार तोंडी. मोबाइलवरून डबा मागवता येईल असं एक पान दीक्षाने त्यांना तयार करून दिलं होतं आणि त्याचा क्यूआर कोड तिच्या वडिलांनी आज दुपारीच कंपनीच्या बसथांब्यावर चिकटवला होता. दुसऱ्या पाळीची माणसं आता तिथे जमत असणार.

ही नावं नमुन्यादाखल भरली आहेत ना, असं सरांनी विचारलं.

"नाही सर. खरी आहेत," दीक्षा म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

चाळीस झाली. अठ्ठेचाळीस. बाकीची मुलं आपापले कीबोर्ड सोडून तिच्या खुर्चीमागे गोळा झाली. संगणकाच्या शिक्षिका मधुवंतीबाईंनी त्यांना जागेवर बसायला सांगितलं आणि मग त्या स्वतःच येऊन उभ्या राहिल्या. दर नव्या नावाला कुणीतरी आकडा पुटपुटत होतं. दीक्षाचे कान तापले होते, हसू आवरत नव्हतं.

आकडा साठाच्या पुढे गेल्यावर मात्र तिने घड्याळाकडे पाहिलं. हे डबे आजचेच होते, रात्री आठचे. पहिल्याच दिवशी चार माणसं उपाशी राहिली तर चतुराबाईंचं इतक्या वर्षांचं नाव जाणार होतं. आणि त्या तयार नसताना दोन महिने त्यांच्या मागे लागली होती ती दीक्षाच.

"मागणी झेपेनाशी झाली तर काय कराल?" सरांनी विचारलं.

उत्तर तिला पाठ होतं. मागणी थांबवायची. त्यासाठी पानावर तिने बटणही ठेवलं होतं, एकदा दाबलं की झालं. तिने माऊसवर बोट ठेवलं आणि उचललं.

"सर, धंदा चतुराबाई मावशींचा आहे. त्यांना विचारायला हवं."

परीक्षेत मोबाइलला बंदी होती. सरांनी मधुवंतीबाईंकडे पाहिलं, खिशातला स्वतःचा फोन काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

चतुराबाईंनी फोन उचलला तेव्हा यादी ऐंशीच्या पुढे गेली होती. स्पीकरवर सगळा वर्ग ऐकत होता. दीक्षाने आकडा सांगितला. पलीकडून चतुराबाईंचा आवाज आला, "डबं ऱ्हाऊ दे. भाकऱ्या किती, त्ये सांग."

दीक्षाने पडद्याकडे पाहिलं. नावं होती, कुणाला कोणती भाजी, किती भाकऱ्या-पोळ्या हे होतं, दोन दिवस खपून केलेला रंगीत आलेखही होता. भाकऱ्यांची बेरीज कुठेच नव्हती. तिने नवा रकाना उघडला आणि सूत्र लिहिलं. चूक. एक कंस राहिला होता. पुन्हा लिहिलं. या वेळी बेरीज आली.

"एकशे बेचाळीस भाकऱ्या. आणि पोळ्या एकशे पंधरा."

"मग आता बंद कर," चतुराबाई म्हणाल्या. "ज्यांनी मागवलं त्यांना न्हाई म्हनायची न्हाई मी. पर त्याच्या फुडं एक बी नगं."

दीक्षाने बटण दाबलं. यादी सत्त्याऐंशीवर थांबली.

गुणांचा कागद हातात धरून सर तसेच उभे होते. पलीकडे चतुराबाई फोन ठेवायला विसरल्या होत्या. त्या दारात जाऊन हाका मारत होत्या, शेजारच्या आम्रपालीला, तिच्या सासूला, समोरच्या तनुजाला, आपापली शेगडी, परात घेऊन या म्हणून. मग फरशीवर मोठी परात ठेवल्याचा आवाज आला. लगेच दुसरी. मग तिसरी.

वर्गात कुणीच फोन बंद केला नाही.