जामदाराचं फडकं

जामदारखान्याच्या कोनाड्यात दोन फडकी होती: एक सगुणाच्या वडिलांचं, दुसरं आजोबांचं. खजिना सांभाळणाऱ्या जामदाराने दर दसऱ्याला सोन्याचा राजदंड घासायचा आणि राजदंडाला लागलेलं फडकं कधीच टाकायचं नाही, असा संस्थानाचा रिवाज होता.

नवे महाराज गादीवर आले, तेव्हा राजदंडाचं वजन झालं. मागच्या वजनापेक्षा सोनं तीन मासे कमी भरलं. सगुणाच्या वडिलांना बेड्या पडल्या.

"सोनं घासलं की झिजतं, दिवाणसाहेब. फडकं जाळून बघा," सगुणा म्हणाली.

"चोराची लेक वकील निघाली!" दिवाण हसले, पण त्यांनी राखेतून सोनं काढणाऱ्या झारेकऱ्याला बोलावलं. त्याने वडिलांचं फडकं जाळलं, राख धुतली, उरलेलं सोनं आटवून काट्यावर ठेवलं. तीन मासे भरलं.

बेड्या निघाल्या, पण वडील घरी जायला निघेनात.

"आबा, चला ना."

"थांब, पोरी. माझ्या बापाला पाच माशांपायी तोफेच्या तोंडी दिलं होतं." त्यांनी दुसरं फडकं झारेकऱ्यापुढे ठेवलं.

झारेकऱ्याने पुन्हा आग फुंकली. काटा स्थिरावला, तेव्हा सोनं पाच मासे भरलं.