बुगडीची तार

दमयंती खुर्चीत बसली, पण तोंड उघडेना.

“आज आवळायची नाही,” ती म्हणाली. “काढूनच टाका ही तार. आत्ताच्या आत्ता!”

दातांचे डॉक्टर मुंबईला शिकून आलेले. रत्नागिरीतला त्यांचा दवाखाना तसा नवा, आणि बायका तिथे यायच्या त्या दाढ उपटायला. सव्वीस वर्षांची संसारी बाई पुढे आलेले दात मागे घ्यायला येते, हे त्यांनीही एकदाच पाहिलं होतं. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

“सासूबाई नाही आल्या?”

“तापानं निजल्यात. नको म्हणत होत्या, पुढच्या महिन्यात दोघी जाऊ म्हणून. मी आले शेजारच्यांच्या गाडीतनं. आता मला कोणाचं ऐकायचं नाही.”

आणि का ऐकावं हो तिनं? अडीच वर्षं! दर महिन्याला पावसहून बैलगाडीनं भाट्याच्या खाडीपर्यंत यायचं, तरीत बसून पलीकडे जायचं आणि या खुर्चीत आ वासायचा. डॉक्टर तार आवळीत. मग चार दिवस घास चावायची सोय नाही. घरात फणस पिकला तरी हिच्या पुढ्यात पेज. दिवाळीपासून दुखणं जरा कमी झालं होतं, तोंडालाच सवय झाली असेल म्हणा. पण विहिरीवरच्या बायकांना कोण आवरणार? “काय गो दमयंती, नथ नाकात घालतात. तू तोंडात घातलीस की काय?”

हे सगळं कोणापायी? तर नवऱ्यापायी. मुंबईला कारकून होता तो. दर शिमग्याला घरी यायचा. तीन वर्षांपूर्वी तेही थांबलं. आलं ते पत्र. बायकोच्या दातांची त्याला चार लोकांत लाज वाटते, दात सरळ झाले की मुंबईला नेईन! अंतरपाट दूर झाला तेव्हा डोळे काय मिटले होते मेल्याचे?

सासू यमुनाबाई त्याच्याही वरताण. पत्र आलं तशा त्यांनी कानांतल्या बुगड्या उतरवल्या आणि तारेसाठी सोनाराच्या हातात ठेवल्या. लेकाची हौस पुरवायला आईनं स्वतःचे कान ओकेबोके करायचे, आणि ती तार टोचायची कोणाला, तर सुनेला!

दमयंतीला अक्षरओळख नव्हती. ती कुरकुरली की यमुनाबाई पोस्टात जाऊन येत, चष्मा लावत आणि पत्र वाचून दाखवत. पालुपद नेहमीचंच. ‘दातांचं काम पुरं होऊ दे. घाई करू नये. मग घेऊन जाईन.’ प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग. हात धुवायलाही म्हातारीला दम निघत नाही, इतका लेकाच्या पत्राचा सोस! वाचताना डोळ्यांना पदर लावायच्या, ते वेगळंच.

परवाही तसंच झालं. वर अंगात ताप असताना म्हणतात कशा, “अजून थोडं सोस गो, बाय.”

दमयंतीचं डोकंच फिरलं. सकाळी निघताना तिनं डब्यातलं ते पत्र काढलं आणि कमरेला खोचलं.

“काढतो,” डॉक्टर म्हणाले. “खरं सांगू? दिवाळीतच काढायची होती ही. तुमचे दात तेव्हाच सरळ झालेत.”

“दिवाळीत? आणि आता शिमगा आला!”

“सासूबाईंनी हात जोडले माझ्यापुढे. तार राहू दे म्हणाल्या, आणखी काही महिने. तेव्हापासून मी ती नुसती पुसून पुन्हा बसवतो.”

दमयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अस्सं! म्हणजे सुनेला मुंबईला जाऊच द्यायचं नव्हतं तर! गेली असती, तर विहिरीचं पाणी कोण ओढणार, भात कोण कांडणार? फुकटची मोलकरीण हवी होती म्हातारीला. आणि आपण खुळ्यासारखे तिच्यासाठी चुलीवर काढा ठेवून आलो.

डॉक्टरांनी तार काढली आणि आरसा पुढे धरला. ओठ मिटत होते. जन्मात पहिल्यांदा नीट मिटत होते. दमयंतीनं आरसा बाजूला सारला.

तार कागदात गुंडाळून डॉक्टरांनी तिच्या हातावर ठेवली. “सासूबाईंचं सोनं आहे हे.”

“देते नेऊन. घाला म्हणावं आता कानांत!” तिनं कमरेचं पत्र काढलं. “तुम्ही माझं एक काम करा. मुंबईला दोन ओळी लिहा. दात झाले, येत्या बोटीनं येते म्हणून. पत्ता यात असेल.”

डॉक्टरांनी पत्र उलगडलं. पत्ता सापडायला एवढा वेळ लागायचं काही कारण नव्हतं.

“हे परवा आलं म्हणता?”

“परवाच. काय झालं?”

“बाई, घरी जा. सासूबाईंना विचारा.”

“त्यांनाच विचारत आले ना इतकी वर्षं! वाचा तुम्ही. मोठ्यानं वाचा. माझ्या नावानं काय काय लिहिलंय ते कळू दे मला एकदाचं.”

डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या हळदीच्या डागावर बोट ठेवलं. डागाखाली तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची. ती त्यांनी तिला सांगितली आणि मग खालच्या आवाजात वाचू लागले.

“तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. असल्या दातांची बायको घेऊन मला चार लोकांत वावरता येत नाही. मी इथे दुसरं लग्न केलं आहे. दमयंतीला माहेरी पोचती कर. तिला घरात ठेवून घेणार असशील, तर मुलगा मेला असं समज आणि यापुढे माझ्या पत्राची वाट पाहू नकोस.”