पाखरसिंगची बहीण

पडद्यावरचा लोखंडी पंखांचा माणूस चक्क हिंदीत बोलला, आणि हिरासिंगनं तोंडाशी नेलेला माइक खाली घेतला.

"आता तुमाला तकलीफ न्हाई," व्यंकटराव व्हिडिओवाला त्याच्या कानाशी लागून म्हणाला. "तिसरा भाग हिंदी करूनच आला. चौथा, पाचवा, समदे असेच येणार म्हणं. तुमी आरामात बसून बघा."

त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

कळमनुरीच्या बाजाराचा दिवस होता, दुपारचा दोनचा खेळ. माळवं विकून मोकळ्या झालेल्या बाया आणि बैल बघायला आलेले गडी यांनी व्यंकटरावाचं पत्र्याचं शेड गच्च भरलं होतं. या सिनेमाचे पहिले दोन भाग इंग्रजीत होते. ते हिरासिंगनं हातात माइक घेऊन मराठीत समजावून सांगितले होते. फौजेत साहेबलोकांत राहून आपण इंग्रजी शिकलो, असं तो सांगायचा. फौजेत तो होता हे खरं, पण भटारखान्यात. वीस वर्षं पोळ्या लाटून इंग्रजी त्याला 'यस सर' एवढंच आलं.

म्हणून गोष्ट त्यानं मनानंच रचली होती. पंखवाल्याचं नाव ठेवलं पाखरसिंग. लहानपणी पुरात त्याची बहीण वाहून गेलेली. काचेच्या तोंडाचा दुष्ट, तो त्याचा सख्खा मामा, जमिनीपायी उलटलेला. दुसऱ्या भागाच्या शेवटी पाखरसिंगनं एका पिवळ्या केसांच्या पोरीला जळत्या इमारतीतून उचलून आणलं आणि छातीशी धरलं. तेव्हा हिरासिंगला माइकवर खराच हुंदका आला होता. "सापडली! बहीण सापडली!" सगळ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. त्यानंतर वर्षभर लोक त्याला बाजारात अडवून विचारत होते, "काहो हिरासिंग, मामा सुधरंल का?" तांड्यावरच्या निवृत्त भटाऱ्याला इतका मान कुठं मिळतो?

आता पडद्यावरचा माणूस स्वतःचं स्वतःच सांगून राहिला होता. त्याचं नाव भलतंच होतं. मामा मामा नव्हता, कुठल्याशा कारखान्याचा मालक होता. पुराचा तर पत्ताच नव्हता. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. हिरासिंगनं मान खाली घातली. हळूच उठावं, बाहेर पडावं आणि पुन्हा या बाजाराला पाऊल ठेवू नये, असं त्याच्या मनात आलं. तो अर्धा उठलाही.

तेवढ्यात पंखवाला त्या पिवळ्या केसांच्या पोरीसमोर गुडघ्यावर बसला. खिशातून अंगठी काढून म्हणाला, "मुझसे शादी करोगी?"

शेडमधल्या बायांनी कपाळाला हात लावले.

मग पहिल्या रांगेतून शालूबाई उठली. मिरच्या विकणारी ही बाई कॉलेजात जाणाऱ्या नातीला घेऊन दोन्ही भागांना आली होती.

"बंद करा त्याचं तोंड!" ती कडाडली. "बहीण हाय ती त्याची!"

"व्हय, बहीण हाय!" मागून गडी ओरडले. "हे मशीन खोटं बोलून राहिलं. हिरासिंगला सांगू द्या!"

व्यंकटरावानं घाबरून आवाज पार बंद केला. हिरासिंगच्या हातात माइक होताच. शेड वाट बघत होतं, आणि पडद्यावर अंगठी पोरीच्या बोटात चाललेली. हिरासिंगनं माइक तोंडाशी धरला.

"बाया हो, भावा हो," तो म्हणाला, "आज राखीचा सण हाय. बहिणीनं राखी बांधली, भाऊ ओवाळणी घालून राहिला. अंगठी त्यांच्या आईची हाय. पुरातून तेवढीच वाचली होती."

पोरगी आनंदानं रडत पंखवाल्याच्या गळ्यात पडली. बायांनीही डोळे पुसले. दोघांची तोंडं जरा जास्तच जवळ यायला लागली, तसा व्यंकटरावानं चपळाईनं यंत्राच्या उजेडासमोर आपला पंजा धरला, आणि पडद्यावर पाच बोटांची भली मोठी सावली पडली. लोक पोट धरून हसले. हिरासिंगही हसला आणि मग त्याची गाडी सुटली ती थांबेचना. मामा रडला, भाच्याच्या पाया पडला, जमिनीची वाटणी बराबर झाली. शेवटी पडद्यावर ढगाआड एक काळी सावली हलली. चौथ्या भागाची खूण होती ती. सगळ्या माना पडद्याकडून वळल्या आणि हिरासिंगकडे लागल्या.

"मावशी हाय," हिरासिंग म्हणाला. "लई खट बाई!"

टाळ्यांनी पत्रे दणाणले. व्यंकटरावानं हात जोडले. "चौथ्याला याच तुमी. हिंदी बंदच ठेवतो."

गर्दी पांगली. हिरासिंग माइकची वायर गुंडाळत होता, तेव्हा शालूबाईची नात पुनम जवळ आली.

"काका, मी हिंगोलीच्या कॉलेजात इंग्रजीच शिकते," ती हळू आवाजात म्हणाली. "पहिल्याच भागाला कळलं होतं मला. त्यात पूर न्हाई, बहीणबिहीण कोणी न्हाई."

हिरासिंगच्या हातातली वायर सुटली. "कुणाला सांगितलंस का, पोरी?"

"सांगितलं. आजीला, त्याच दिवशी."

हिरासिंगनं दाराकडे बघितलं. रिकामी टोपली काखेला लावून शालूबाई दारात उभी होती, आणि तिघी-चौघींना हातवारे करून मावशी किती खट असणार ते सांगत होती.

"मग? काय म्हणली आजी?"

पुनम हसली. "आजी म्हणली, गप बस. त्या गोऱ्यांची बिघडली तर बिघडू दे, हिरासिंगची गोष्ट बिघडवू नको."