गुरुवारची सुट्टी

विजयश्री विद्यापीठात प्रकल्प व्यवस्थापन शिकत होती. चाकणच्या एका कारखान्याचं वेळापत्रक आखताना तिनं साप्ताहिक सुट्टी गुरुवारी धरली, कारण तिच्या वडिलांना तिथं वीस वर्षं ती गुरुवारीच मिळत आली होती. पानसे सरांनी पाच मार्क कापले. "सुट्टी रविवारी असते. पुस्तक उघड जरा!" तिच्या हाती एकसष्ट उरले. साठाच्या खाली कॅम्पस मुलाखतीला बसू देत नसत, म्हणून तिनं वाद घातला नाही.

पुढच्याच आठवड्यात प्रत्यक्ष कामकाज दाखवायला सरांनी अख्खा वर्ग बसमध्ये भरून त्याच कारखान्यावर नेला. गेटला हे मोठं कुलूप. वॉचमन खुर्चीतून न उठताच म्हणाला, "आज गुरुवार हाय, साहेब. समदं बंद."

सर विजयश्रीकडे वळले. "तू इथलीच ना गं? मग आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं, सर. त्याचेच पाच मार्क कापलेत तुम्ही."

सर मोठे न्यायी. त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे माहिती बरोबर होती, पण तुला ती माझ्या गळी उतरवता आली नाही," असं म्हणून त्यांनी पेन काढलं आणि एकसष्टातून संवादकौशल्याचे दोन कमी केले.